शाईतली नावं

कॅझ वोयनारच्या वहीत ज्याचं नाव शाईनं लिहिलं गेलं तो आमचा, आणि ज्याचं पेन्सिलनं लिहिलं गेलं तो पाहुणा. मग त्या पाहुण्यानं एका मोसमात चाळीस वेळा चेंडू मैदानाबाहेर भिरकावला, तरी तो पेन्सिलीतच राहायचा. रिव्हेटर्स हा आमचा बेसबॉलचा संघ आणि पोर्ट मॅरियन हे आमचं गाव. एवढा सरळ कायदा या गावात दुसऱ्या कुणाला करता आला नाही, नगरपालिकेला तर नाहीच.

कायदा असा होता. संघाच्या हाताखालचे छोटे संघ असतात, आडगावांतले. तिथे पोरं अठराव्या वर्षी जातात, खटारा बसमधून रात्रंदिवस हिंडतात, डास मारत खेळतात, थंड सँडविच खातात आणि चार-पाच वर्षांनी शंभरातलं एखादं वर आमच्या मैदानावर येतं. ते घरचं. त्याला शाई. बाकी जे दुसऱ्या गावाकडून पैसे टाकून नाहीतर अदलाबदलीत उचलून आणले, त्यांना पेन्सिल. मोसम संपला की त्यांच्यातले जे गेले त्यांची नावं कॅझ खोडरबरानं पुसायचा आणि रबराचा चुरा फुंकून टाकायचा.

"अरे, पण तो जिंकून देतोय ना!" असं कुणी म्हटलं, की कॅझ वहीतून मान वर न करता म्हणायचा, "भाड्याचा सूटही अंगाला नीट बसतो. म्हणून काय तो कपाटात ठेवायचा असतो?"

मी ऑगी ब्रांट. शाळेची बस चालवायचो. सव्वीस वर्षं मी मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात कॅझच्या बरोब्बर मागे बसलो. त्यामुळे त्याचा चेहरा मला तितकासा आठवत नाही. मान मात्र नीट आठवते. रुंद, उन्हानं भाजलेली, मध्ये आडवी एक घडी. त्याला राग आला की ती घडी लाल व्हायची.

त्या कोपऱ्याला आम्ही 'बाकडी' म्हणायचो. छप्पर नाही, पाठ टेकायला काही नाही, नुसती लाकडी बाकं. तिकीट सगळ्यांत स्वस्त आणि ऊन सगळ्यांत जास्त. बसणारे सगळे बंदराच्या धक्क्यावरचे, लोखंडाच्या भट्टीवरचे, रेल्वेतले, नाहीतर त्यांच्या विधवा. कॅझ स्वतः धक्क्यावर काम करायचा. सरोवरातून लोखंडाचं खनिज घेऊन येणारी जहाजं रिकामी करणारं एक अजस्र यंत्र होतं, त्याच्या पंजाच्या वर एका खोलीत माणूस बसायचा. तो माणूस म्हणजे कॅझ. एकतीस वर्षं तो त्या खोलीत बसून जहाजाच्या पोटात उतरला आणि वर आला. खिशात छोटा रेडिओ. सामना असला की पंजा हळू चालायचा, असं मुकादम म्हणायचा.

एकोणीसशे एक्कावन्नपासूनच्या वह्या त्याच्याकडे होत्या. गावातल्या प्रत्येक सामन्याचा प्रत्येक चेंडू. फलंदाजाच्या एका पाळीला एक चौकोन, आणि त्या चौकोनात कॅझच्या बारीक खुणा. मुलीच्या लग्नाचा दिवससुद्धा त्यानं सोडला नाही. चर्चमध्ये कानात रेडिओची तार घालून उभा राहिला आणि लग्नाच्या पत्रिकेच्या पाठीवर खुणा करत राहिला. त्याची बायको इरेना हे सगळ्यांना हसत हसत सांगायची. मुलगी कधी हसली नाही. ती पुढे ॲरिझोनाला गेली आणि नाताळाला कार्ड पाठवू लागली. इरेना गेल्यावर घरात कॅझ आणि वह्या एवढंच उरलं.

बाकडीत नवा माणूस आला की त्याची परीक्षा व्हायची.

"चौतीस साली आपण अजिंक्य झालो तेव्हा तिसऱ्या बेसवर कोण होतं?"

"मला काय माहीत? मी जन्मलोही नव्हतो."

"मीसुद्धा नऊ वर्षांचा होतो. मला माहीत आहे. जा, खाली जाऊन सगळ्यांसाठी शेंगदाणे आण, मग बस."

असा हा माणूस. मला तो आवडायचा, आणि तो मला आवडायचा म्हणूनच पुढचं सांगताना तोंड कडू होतं.

आता बाकडीची रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आलं. इतर मैदानांत लोक ओरडतात, शिव्या घालतात, कागदाचे बोळे फेकतात. बाकडीत तसलं काही नाही. ज्यानं गावाशी दगा केला तो मैदानावर आला, की बाकडी उठायची आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची. चारशे माणसं, तोंडं मागच्या भिंतीकडे, आवाज नाही. त्याचा खेळ संपेपर्यंत कुणी वळायचं नाही. कॅझच्या आधीच्या लोकांनी हे एकेचाळीस साली सुरू केलं, संघ विकायला निघालेल्या मालकासाठी. नंतर एकदाच झालं, लोकांवर थुंकलेल्या एका भाडोत्री खेळाडूसाठी. कुणासाठी पाठ करायची हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांत जुना माणूस उठला की बाकीचे उठायचे. माझ्या काळात सगळ्यांत जुना माणूस कॅझ होता.

कॅझच्या डाव्या हाताला व्हेरा होलुब बसायची. नवरा भट्टीवर काम करताना वारला तेव्हापासून ती एकटी यायची. डोक्याला रुमाल, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि त्यात खसखशीचा रोल. तिसरा डाव संपला की ती एक तुकडा कापून कॅझच्या वहीशेजारी ठेवायची. तो न बघता उचलायचा. वीस वर्षांत त्यांनी एकमेकांना 'थँक्यू' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

सत्त्याहत्तर साली तिचा मुलगा रूडी रिव्हेटर्समध्ये आला. आमच्या चर्चमागच्या गल्लीतला पोरगा. गावातच जन्मला, संघाच्याच छोट्या मैदानांवर पाच वर्षं वाढला आणि घरापासून सहा गल्ल्यांवर खेळायला आला. काम कॅचरचं. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं, चेंडू झेलायचा, आणि समोरच्या संघाचा खेळाडू बेस चोरायला, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच पुढचा टप्पा गाठायला, पळाला की त्याच उकिडव्यातून उसळून उठून दुसऱ्या बेसवर चेंडू फेकायचा. एका सामन्यात दीडशे वेळा बसायचं आणि दीडशे वेळा उठायचं.

पहिल्या दिवशी कॅझनं खिशातून शाईचं पेन काढलं, टोपण दातात धरलं.

व्हेरा म्हणाली, "अक्षर नीट काढ. तो तुझ्या त्या पेन्सिलवाल्यांसारखा बाजारातून आणलेला नाही."

"तोंडात टोपण आहे म्हणून गप्प आहे," कॅझ म्हणाला. "अगं, या नावासाठीच तर पेन घेतलंय मी."

त्यानं ते नाव असं काढलं, जणू चर्चच्या नोंदवहीत लिहितोय. पुढची अकरा वर्षं रूडीचं नाव प्रत्येक पानावर शाईत होतं. हरलो बहुतेक वेळा. त्याचं काही वाटायचं नाही. आपलाच पोरगा धुळीत बसलाय, त्याची आई शेजारी रोल कापतेय, मग हरलो तर हरलो. रूडी मैदानावर येताना दरवेळी बाकडीकडे बघून दोन बोटं टोपीला लावायचा.

मध्ये ब्याऐंशी साली धक्का बंद झाला. कंपनीनं वर्तमानपत्रात छापून आणलं, की आम्ही कामगारांपुढे चांगला प्रस्ताव ठेवला होता, कामगारांनीच तो नाकारला. कॅझनं ते पान बारमध्ये टेबलावर आपटलं.

"कुठला प्रस्ताव? कुणी बघितला? कागद दाखवा मला, कागद!"

त्याला लोक हावरट म्हणाले. ज्यांच्यासाठी त्यानं एकतीस वर्षं जहाजं उपसली, त्याच गावातले लोक. वाण्याच्या दुकानात एक बाई त्याच्या तोंडावर म्हणाली, "तुम्हा लोकांना पुरे म्हणून नाहीच." त्या दिवशी सामन्यात त्याच्या मानेवरची घडी मी दोन डाव लाल पाहिली. हे विसरू नका, कारण तो विसरला.

सत्त्याऐंशीच्या नाताळाआधी बातमी आली. रूडी होलुब रिव्हेटर्स सोडून दक्षिणेतल्या एका श्रीमंत संघात गेला. रिव्हेटर्सचा कारभारी होता प्रेस्कॉट लेन नावाचा, चकचकीत बुटांचा माणूस. तो वर्तमानपत्रात म्हणाला, "आम्ही रूडीपुढे आमच्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रस्ताव ठेवला होता. त्यानंच तो नाकारला. आम्हाला फार वाईट वाटतं."

शब्दन् शब्द तोच होता. धक्क्याचा आणि हा, दोन्ही एकाच पेनातून उतरल्यासारखे. आणि कॅझनं या वेळी कागद मागितला नाही.

का नाही मागितला, याचा मी पुष्कळ विचार केलाय. कंपनीवर त्याचा विश्वास कधीच नव्हता. संघावर होता. त्याच्या लेखी कंपनी होती मालकांची आणि संघ होता त्याचा. संघ खोटं बोलतो असं मानलं असतं, तर छत्तीस वर्षांच्या वह्यांचं काय करायचं होतं त्यानं? त्यापेक्षा पोरगा हावरट निघाला हे मानणं सोपं होतं. मीही तेच म्हणालो. आम्ही सगळे तेच म्हणालो.

रूडी काही बोलला नाही. एका बातमीदारानं विचारलं तेव्हा म्हणाला, "पोर्ट मॅरियननं मला सगळं दिलं." एवढंच. आम्ही म्हणालो, बघा, लाज वाटतेय, म्हणून तोंड उघडत नाही.

एप्रिलमध्ये नवा मोसम सुरू झाला तेव्हा कॅझ मागच्या वर्षीची वही घेऊन आला आणि मला दाखवली. दाढीच्या पात्यानं त्यानं प्रत्येक पानावरचं रूडीचं नाव खरवडून काढलं होतं. शाई पुसत नाही ना, म्हणून कागदच खरवडला. पान उन्हात धरलं की तिथून बोट दिसायचं.

"अकराच्या अकरा वह्या?" मी विचारलं.

"अकराच्या अकरा."

व्हेरा शेजारीच होती. तिनं ऐकलं. तिसऱ्या डावानंतर तिनं रोलचा तुकडा वहीशेजारी ठेवला. तो सामना संपेपर्यंत तिथेच होता. नंतर चिमण्यांनी खाल्ला.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी रूडीचा नवा संघ आमच्याकडे आला. बाकडी गच्च भरली होती. जे कधी येत नाहीत तेही आले होते, पाठ करायला. कॅझ पट्टीनं वहीत रेघा मारत होता.

"कॅझ," व्हेरा म्हणाली, "आज नको."

"काय नको?"

"तुला माहीत आहे काय ते."

"हे त्याला सांगायचं होतंस. डिसेंबरात."

"कॅझ, माझ्याकडे बघ जरा."

तो रेघा मारत राहिला. "बघून काय होणार, व्हेरा? तो तुझा मुलगा आहे, तू बसून राहा. तुला कुणी काही म्हणणार नाही. मी म्हणू देणार नाही."

"मी माझ्यासाठी म्हणत नाहीये."

तिचे ओठ आणखी काही बोलण्यासाठी हलले. ती कॅझकडे वळलेली, म्हणून मला मागून दिसलं. मग तिनं डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मला वाटलं, बाई खजील झाली.

सातव्या डावात रूडीला कुणाच्या तरी जागी एका पाळीपुरतं फलंदाजीला पाठवलं आणि भोंग्यावर त्याचं नाव पुकारलं गेलं. कॅझ उठला. वही बाकावर ठेवली, पेन्सिल तिच्यावर ठेवली, आणि वळला. सव्वीस वर्षांत सामन्याच्या वेळी त्याचा चेहरा मी तेव्हा एकदाच समोरून पाहिला. तो रडत होता. गालावरून सरळ पाणी चाललेलं. माझ्याकडे बघून त्यानं हनुवटीनं खूण केली, आणि मी उठलो आणि वळलो. माझ्या मागचा वळला, त्याच्या मागचा वळला. शेवटच्या बाकापर्यंत लाकूड करकरत गेलं. मग शांतता.

पुढे रूडीनं काय केलं हे बाकडीतल्या एकाही माणसाला सांगता येणार नाही. कॅझच्या वहीतही तो चौकोन कोरा आहे. त्याच्या सगळ्या वह्यांमधला एकटा कोरा चौकोन. आम्ही भिंतीवरची सिगारेटची जाहिरात बघत उभे होतो. आम्हाला आमचा फार अभिमान वाटत होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

वळलो तेव्हा व्हेरा जागेवर होती, तोंड मैदानाकडे. आठवा डाव संपता संपता ती डबा घेऊन उठली आणि गेली. पुन्हा कधी आली नाही. कॅझ तिच्या जागेवर आपला कोट ठेवू लागला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "गरम होतंय." एप्रिलच्या गारठ्यातही त्याला गरम व्हायचं. चर्चमध्ये ती दिसली की तो दुसऱ्या दारानं बाहेर पडायचा.

रूडीला त्या श्रीमंत संघानं दीड मोसम ठेवलं आणि सोडून दिलं. आम्ही म्हणालो, बरं झालं. मग तो गावात परत आला आणि हमरस्त्यावरच्या टायरच्या दुकानात काऊंटरवर बसू लागला. आम्ही टायर दुसरीकडून घेऊ लागलो.

अशी आठ वर्षं गेली.

शहाण्णव सालच्या वसंतात आम्ही न्हाव्याकडे बसलो होतो. खुर्चीत कॅझ, मी बाकावर, आणि खिडकीत रेडिओ. प्रेस्कॉट लेन निवृत्त झाला होता आणि जुन्या गमती सांगत होता. मुलाखत घेणाऱ्यानं रूडीचं नाव काढलं.

लेन हसला. "आता सांगायला हरकत नाही. प्रस्ताव कसला? आम्ही एक कागदही काढला नव्हता. सप्टेंबरात डॉक्टरनं गुडघ्यांचे फोटो दाखवले, दोन्ही गुडघे संपलेले. पण घरच्या पोराला हाकललं असं म्हटलं असतं तर लोकांनी आमचं ऑफिस जाळलं असतं. म्हणून तसं सांगितलं."

"आणि तो काही बोलला नाही?"

"कसा बोलणार? गुडघे गेले म्हणून काढलं, हे त्यानं तोंडानं सांगितलं असतं, तर त्याला घेतलं कुणी असतं? मी त्याला म्हटलं, तू गप्प, मी गप्प. समजूतदार पोरगा होता."

दोघेही रेडिओवर हसले. न्हाव्यानं कात्री थांबवली. कॅझच्या मानेवरची घडी लाल झाली नाही. ती पांढरी पडली. अर्धे केस कापलेले, तसाच तो उठला, गळ्यातलं फडकं काढून खुर्चीवर ठेवलं आणि म्हणाला, "ऑगी, मला घरी सोड."

घरी त्यानं सत्त्याऐंशीची वही काढली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडली. मी शेजारी उभा होतो. समोरच्यानं बेस चोरला की कॅझ एक छोटा आकडा काढायचा. जूनपर्यंत पानावर एखाददुसरा आकडा. जूनपासून आकडेच आकडे. ज्या रूडीच्या हातावरून कुणी चोरायला धजत नसे, त्याच्यावरून लंगडेसुद्धा चोरून गेले होते, आणि ऑगस्टमध्ये तर त्यानं एकालाही पकडलं नव्हतं. उकाड्याच्या दिवशी सातव्या डावात त्याला बाहेर काढलेलं. पहिल्या बेसपर्यंत पळताना दरवेळी दोन पावलांनी बाद. सगळं तिथे होतं. लेनला डॉक्टरनं सप्टेंबरात सांगितलं ते कॅझच्या हातानं जूनमध्येच लिहून ठेवलं होतं. समासात बारीक अक्षरांत त्याचीच एक टीप होती: 'रूडीला आळस चढलाय.'

कॅझनं त्या टिपेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"मी बघत होतो," तो म्हणाला. "प्रत्येक चेंडू बघत होतो मी."

 मीही बघतच होतो, फक्त लिहीत नव्हतो.

रविवारी प्रार्थना झाल्यावर मी त्याला गाडीतून व्हेराकडे नेलं. त्यानं चर्चचाच कोट घातला होता आणि काखेत दोन वह्या होत्या, एक सत्त्याऐंशीची, एक अठ्ठ्याऐंशीची. दार व्हेरानं उघडलं. म्हातारी झाली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या अर्धवट कापलेल्या केसांकडे पाहिलं.

"रेडिओ ऐकलास वाटतं," ती म्हणाली. "ये. पाय पुसून ये."

स्वयंपाकघरात रूडी होता. एका खुर्चीत बसलेला आणि दोन्ही पाय सरळ दुसऱ्या खुर्चीवर. तो उठायला गेला. टेबलाला धरून अर्धा उठला.

"बसा, कॅझकाका. मी आपला असाच बसतो. कॉफी घेणार?"

तो शिव्या देईल, हाकलून देईल, अशी कॅझची तयारी होती. कॉफीची तयारी नव्हती. तो उभाच राहिला.

"व्हेरा," तो म्हणाला, "तू मला का नाही सांगितलंस? मी कुणाला बोललो नसतो."

"त्या दिवशी सांगणार होते. त्याला वचन दिलं होतं, तरी मोडणार होते. 'माझ्याकडे बघ' म्हटलं मी तुला. तू रेघा मारत होतास. नंतर मी दिसले की तू दुसऱ्या दारानं जायचास."

"मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते चारशे लोकांनी बघितलं, कॅझ. माझ्या पोराचे पाय रात्रभर बर्फात असायचे, आणि तुझी बाकडी त्याला हावरट म्हणत होती. आणि मी तिथे बसून ऐकायचं. तोंड उघडलं तर त्याची भाकरी जाणार, नाही उघडलं तर त्याचं नाव जाणार. तरी मी तुझ्यासाठी रोल कापला. तो तू चिमण्यांना सोडलास."

"आई, जाऊ दे," रूडी म्हणाला.

"तू जाऊ दिलंस. मी नाही देत."

कॅझनं अठ्ठ्याऐंशीची वही टेबलावर उघडली. कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. 

"रूडी, त्या वेळी... तुझ्या त्या पाळीत काय झालं? माझ्याकडे नाही."

रूडीनं वहीकडे पाहिलं. "तीन चेंडू आले, तिन्ही हुकले. दिसतच नव्हतं नीट." मग जरा थांबून म्हणाला, "त्याआधी बाकडीकडे बघून टोपीला बोटं लावली होती मी. सवय होती ना. आई एकटी समोर दिसत होती."

कॅझनं दुसरी वही उघडली. खरवडलेली जागा रूडीपासून लपवावी की दाखवावी हे त्याला कळेना, म्हणून त्यानं हात तिच्यावर ठेवला आणि मग बाजूला घेतला. खिशातून शाईचं पेन काढलं. तेच, जुनं.

"मी परत लिहितो. सगळ्या अकरा वह्यांत. इथे तुमच्यासमोर बसून लिहितो."

त्यानं टोपण दातात धरलं. व्हेरानं पुढे होऊन ते पेन त्याच्या हातातून काढून घेतलं. हिसकलं नाही, लहान मुलाच्या हातातून सुरी काढतात तसं काढलं. फोनजवळ दोरीला बांधलेली एक पेन्सिल होती. तिनं गाठ सोडली आणि ती पेन्सिल वहीवर ठेवली.

"लिहायचंच असेल तर हिनं लिही. तुझाच कायदा आहे. ज्या नावाकडे पाठ फिरवता येते ते शाईचं नसतं."

रूडी खिडकीतून बाहेर बघत होता.

कॅझ बसला. त्यानं पेन्सिल घेतली आणि लिहायला लागला. खरवडून कागद कापसासारखा झाला होता. पेन्सिल उठेना, टोक रुतायचं आणि कागद फाटायचा. एका पानावर त्यानं तीनदा प्रयत्न केला. 'होलुब' मधली दोन अक्षरं कशीबशी आली. मग त्यानं पेन्सिल ठेवली, वह्या मिटल्या आणि उठला. दारात रूडीला म्हणाला, "येतो, बाळा." रूडी म्हणाला, "सावकाश जा, काका. पायऱ्या ओल्या आहेत."

पेन टेबलावरच राहिलं. कुणी मागितलं नाही आणि कुणी दिलंही नाही.

त्या वर्षीपासून कॅझ मैदानावर आला नाही. वही लिहिणंही थांबलं. पण ते नंतरचं. त्या रविवारी परत येताना तो गाडीत माझ्या शेजारी बसला होता, दोन्ही वह्या मांडीवर. धक्क्याच्या वळणावर तो म्हणाला,

"ऑगी, त्या दिवशी तूही वळलास ना?"

"हो."

"तुला खरंच वाटत होतं? तो पैशासाठी गेला म्हणून?"

मी सिग्नलला थांबलो. खरं सांगायचं तर त्या दुपारी मला काहीच वाटत नव्हतं. रूडी मला आवडायचा. क्षणभर बसून राहावं असंही मनात आलं होतं. हो म्हणालो असतो तर म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं ओझं थोडं हलकं झालं असतं, आणि तेवढं खोटं मला बोलता आलं असतं. पण व्हेराच्या हातातला तो डबा माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "तू वळलास म्हणून वळलो."